पिसं रंगवताय? आधी या चुका टाळा

पोळ्याच्या शुभेच्छापत्रांसाठी आमच्या बचत गटानं पहिल्यांदा पिसं रंगवली, तेव्हा निम्मी वाया गेली. दोष रंगाला दिला, डबी बदलली, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या मावशींनी एक पीस हातात घेऊन विचारलं, "काऊन व, धुतले नाही काय हे?" धुतले होते, पण साध्या पाण्यानं.

कोंबडी शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीनं अंगभर लावते. त्या तेलावरून पाणी घरंगळतं, तसाच रंगही घरंगळतो. पिसावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर पीस अजून तयार नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून पिसं अर्धा तास भिजवा, मग दोन-तीनदा खळबळून काढा. चिकनच्या दुकानातून आणली असतील तर रक्त आधी थंड पाण्यानं काढायचं. गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो, मग पांढरं पीस कायमचं पिवळट दिसतं. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. परिसरात बर्ड फ्लूची बातमी असेल तर पिसं आणूच नका.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, त्यात साबणाला फेस येत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कपड्यांच्या साबणाचा पांढरट थर पिसावर बसतो आणि वरून दिलेला रंग मळका दिसतो. म्हणून शेवटचं धुणं आणि रंगाचं पाणी, दोन्हीला पावसाचं साठवलेलं किंवा आरओच्या कॅनचं पाणी घ्या. मूठभर पिसांना लागतंच किती?

दुसरी मोठी चूक रंग निवडण्यात होते. पीस म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांचंच द्रव्य. त्याला लोकरीचा रंग चालतो, सुती कापडाचा नाही. सुती रंगाच्या पुडीसोबत धुण्याचा सोडा घालायला सांगतात, आणि तो सोडा पिसाला खातो. रंगपंचमीचा गुलाल तर नुसता वर बसतो आणि कार्ड उघडणाऱ्याच्या बोटांना लागतो. जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग मात्र पिसावर छान चढतो, पण त्याला आंबट आणि ऊब दोन्ही लागतात. आमचं माप असं: एक लिटर पाणी, अर्धा छोटा चमचा रंग, दोन मोठे चमचे व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस.

व्हिनेगर सुरुवातीलाच ओतू नका. रंगाच्या कोमट पाण्यात ओली पिसं सोडा, दहा मिनिटं हलक्या हातानं हलवा, मग व्हिनेगर घाला. आधीच घातलं तर पहिल्या पिसांवर गडद डाग पडतात आणि उरलेली फिकी राहतात. जांभळा आणि हिरवा यांत हे जास्त जाणवतं, कारण ते बहुधा दोन रंगांचं मिश्रण असतात आणि एक दुसऱ्याच्या आधी पकडतो. कोरडं पीस टाकलं तरी असेच ठिपके येतात.

रंगवायचा गंज, म्हणजे पातेलं, स्टीलचा घ्या. अॅल्युमिनियमला आंबट चालत नाही आणि लोखंडात रंग काळवंडतो. पाणी उकळू द्यायचं नाही. वाफ निघावी, बुडाशी बारीक बुडबुडे दिसावेत, बस. उकळ्या फुटल्या की दांडे वाकडे होतात. वीस-तीस मिनिटांनी गॅस बंद करून पिसं त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

हळदीची गोष्ट वेगळी. वायगावची हळद वर्धा जिल्ह्याची शान, २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसावर पिवळाही देखणा येतो. आम्ही रंगवून झाल्यावर ती पिसं साबणानं धुतली आणि पिवळ्याचा लालसर झाला! हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे माहीत असून डोक्यात आलं नाही. साबणही अल्कधर्मीच की. शिवाय हळद उन्हात उडते, म्हणून खिडकीत मांडायच्या कार्डाला ती वापरू नका.

गावरान कोंबडीच्या तपकिरी-काळ्या पिसांवर पिवळा किंवा गुलाबी चढवायचा हट्ट सोडा. बॉयलरचं पांढरं पीसच घ्या. ब्लिचिंग पावडरनं काळ्याचं पांढरं करायला गेलात, तर ती पीसच विरघळवते. पोपट, बगळा, नीलपंख यांची पिसं विकायच्या कार्डात नकोत, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. मोरपिसाला रंग तसाही कोण देणार?

गंजातून काढलेलं पीस उंदराच्या शेपटीसारखं दिसतं. घाबरून फेकू नका, आणि पिळू तर नकाच, पिसाचे केस एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे तुटतात. जुन्या उशीच्या खोळीत घालून पंख्याखाली टांगा. कूलरसमोर ठेवाल तर ओलीच राहतील, त्याची हवा दमट. मे महिन्यात अंगणात वाळवायची हौसही नको. ऊन रंग खातं आणि झळ पिसं उडवून नेते. आमची गुलाबी पिसं दोन घरं पलीकडच्या कडब्याच्या गंजीवर सापडली. वाळल्यावर बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे हलकं ओढलं की आकडे पुन्हा एकमेकांत बसतात. तरी न सुधारलेली पिसं चहाच्या वाफेवर क्षणभर धरा.

चिकटवताना फेविकॉल फक्त दांड्याला, तोही काडीच्या टोकानं. पिसाच्या केसांना लागला की ते चिकटून कडक होतात, आणि पीस ओलसर असेल तर गोंदाखाली रंग कागदात उतरतो. दांडा जाड असेल तर मागून ब्लेडनं उभा चिरून सपाट करा. नाहीतर पोस्टात पाकिटावर शिक्का नेमका त्या उंचवट्यावर पडतो आणि पाकीट तिथंच फाटतं.