ड्रम कोअरच्या दौऱ्यावर कामाला निघण्याआधी

ड्रम कोअर (drum corps) म्हणजे पितळी वाद्यं (ब्रास), तालवाद्यं आणि झेंडे घेऊन संचलन करणारं अमेरिकेतलं तरुणांचं पथक. उन्हाळाभर ते गावोगावी स्पर्धा करत फिरतं आणि शाळांच्या जिममध्ये मुक्काम करतं. त्यात कामाला जायचं तर आधी व्हिसा बघा. तुम्ही अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल, तर कोअरकडून एक डॉलर घेण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन या. सीपीटी किंवा ओपीटी (विद्यार्थ्यांना मिळणारे कामाचे परवाने) नसेल तर हे काम करता येत नाही, आणि असली तरी काम अभ्यासक्रमाशी जुळावं लागतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना तर त्या संस्थेने वेगळा अर्ज केल्याशिवाय दुसरीकडे पगारी काम नाही. ‘मग फुकट करते’ ही पळवाट काढू नका, पगारी जागेवर फुकट राबण्याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. आणि उच्चार ‘कोअर’ असाच करा. पहिल्या फोनवर मी ‘कॉर्प्स’ म्हणाले होते. त्याचा अर्थ प्रेत, हे पलीकडच्या बाईंनी हसू दाबत सांगितलं.

जागा नेमकी कोणती, हे लेखी मागून घ्या. ब्रास, तालवाद्यं, संचलन आणि कलर गार्ड (झेंडे फिरवणारा गट) शिकवणाऱ्यांची एक उतरंड असते. वर प्रत्येक विभागाचा प्रमुख, खाली ‘टेक’ म्हणवले जाणारे प्रशिक्षक. त्यांना सहसा हंगामाचं ठोक मानधन मिळतं आणि बरेच जण दोन-तीन आठवडे येऊन जातात. आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतो तो दौऱ्याचा कारभार: टूर डायरेक्टर, त्याचे मदतनीस, चालक, स्वयंपाक, दुखापती बघणारे अ‍ॅथलेटिक ट्रेनर. यातले पगारी थोडे, बाकी मुलांचे आईबाप आणि जुने सदस्य, सुट्टी टाकून आलेले. त्यांना हुकूम सोडता येत नाही. पुण्यात ढोल पथकात वाढलेल्याला हे सांगायला नको. फरक एवढाच, की पथकात सराव संपला की ज्याचा तो घरी जातो. इथे मेच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुणालाच घर नसतं.

पैशाचा प्रश्न लाजून टाळू नका. डब्ल्यू-२वर (म्हणजे पगारी नोकर म्हणून) घेणार की १०९९वर, हे पहिल्याच बोलण्यात विचारा. १०९९ म्हणजे तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार: कर कापला जात नाही, स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर तुमच्याच खिशातून जातो आणि पाय मुरगळला तर नोकरदाराला मिळणारी विम्याची भरपाई बहुधा मिळत नाही. विमानाचं भाडं कोण देणार? हप्ता केव्हा? हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला तर? माझ्या पहिल्या उन्हाळ्यात ‘तिकिटाचं बघू’ असं तोंडी ठरलं होतं. ते आजतागायत कुणी बघितलेलं नाही.

संस्थेची तब्येतही तपासा. बहुतेक कोअर ना-नफा संस्था असतात, त्यामुळे त्यांचा फॉर्म ९९० (दरवर्षी सरकारला द्यायचं विवरणपत्र) कुणालाही वाचता येतो. जमाखर्च, तूट, वरच्या पदांचे पगार, सगळं त्यात असतं. तासभर काढून मागची तीन वर्षं बघा. नावाला भुलू नका: सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या दिग्गजाने पैशाच्या अडचणीपायी २०२३चा हंगाम सोडला, आणि १९३४पासूनचं कॅडेट्स २०२४मध्ये बंदच पडलं. कॅडेट्सच्या बाबतीत जुन्या लैंगिक अत्याचाराचा खटलाही मानगुटीवर होता. म्हणून पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण ‘नंतर करू’ म्हणणाऱ्या कोअरला मी सरळ नकार देईन. सदस्यांत अल्पवयीन मुलं असतात आणि दौऱ्यासाठी तीच हजारो डॉलर भरतात. कुणा सदस्यासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, खासगी मेसेज करायचे नाहीत, हे निघण्याआधीच अंगवळणी पाडा.

आता खरी तयारी: चालकांच्या तासांचं गणित. कोअरचं वेळापत्रक संगीत दिग्दर्शक ठरवतो असं बाहेरून वाटतं. ते ठरतं बसचालकाच्या झोपेवर. प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तास सुट्टी मिळाल्यावर जास्तीत जास्त दहा तास गाडी हाकता येते, आणि कामाचे पंधरा तास भरले की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. वाद्यांच्या ट्रेलरच्या चालकाचा हिशोब निराळा: दहा तास सुट्टी, मग अकरा तास चालवणं, तेही चौदा तासांच्या आत. आता समजा, रात्री दहाला सादरीकरण झालं, सामान चढवून साडेबाराला गाड्या निघाल्या आणि सकाळी सहाला पुढच्या शाळेत पोचल्या. बसचालकाची नवी मोजणी दुपारी दोनच्या आत सुरू होत नाही. कुणी ‘बाराला बस पाठव, गणवेश धुवायला न्यायचेत’ म्हणालं, तर ‘नाही’ म्हणणं हे तुमचं काम. त्यासाठी आडव्या रकान्यात दिवस आणि उभ्या रकान्यात चालक असा तक्ता करून ठेवा. मी तो कागदावरच करते, छापून बसच्या दाराला आतून चिकटवते. शिवाय वेळ कुठली ते लिहा. इलिनॉयहून इंडियानापोलिसला शिरताना घड्याळ तासभर पुढे जातं, आणि तो तास मुलांच्या झोपेतून जातो. जिमच्या फरशीवरच्या या झोपेला सगळे ‘फ्लोअर टाइम’ म्हणतात. तिला कात्री लावून तालीम वाढवू पाहणारा प्रशिक्षक दर हंगामात एखादा तरी भेटतोच.

पंधरा आसनी व्हॅन तुम्हाला चालवावी लागेल. चालकासकट सोळा माणसांपासून पुढे व्यावसायिक परवाना लागतो, त्याखाली सहसा साधा चालतो. पण विम्यात तुमचं नाव आहे ना, ते आधी बघा.

शाळेच्या रखवालदाराचा मोबाइल नंबर मुख्याध्यापकांच्या नंबरापेक्षा मोलाचा. पहाटे चारला दोनशे माणसं पार्किंगमध्ये गाद्या उराशी धरून उभी असतात आणि किल्ली एकाच्याच खिशात असते. आदल्या दुपारी त्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा: दार कुठलं, एसी रात्री आपोआप बंद होतो का, आणि स्वयंपाकाच्या ट्रकला पाण्याचा नळ कुठे. त्या नळाला बागेचा पाइप जोडायचा नाही, पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाइप ट्रकमध्येच असतो. दोनशे जणांचं दिवसाला चार वेळचं खाणं म्हणजे आठशे ताटं, पाणी अर्धा तास उशिरा आलं तरी नाश्त्यापासूनची सगळी उतरंड ढासळते.

बॅग छोटी ठेवा, एकच. हवेची गादी, कानातले बोळे, डोक्याला बांधायची बॅटरी, न्हाणीघरासाठी रबरी चपला, पावसाचं जाकीट, सनस्क्रीन, रुंद काठाची टोपी, लांब एक्स्टेन्शन बोर्ड. जिममध्ये प्लग दोन आणि फोन दीडशे, हे विसरू नका. शाकाहारी जेवणाची सोय असते, पण तिसऱ्या आठवड्यात जीभ बंड करतेच, म्हणून मी मेतकूट नेते. शेंगदाण्याची चटणी मात्र घरीच ठेवा. एका वर्षी माझ्या डब्याचं झाकण व्हॅनमध्ये उघडलं, आणि दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीला तिथे बसवता येईना म्हणून तिघींनी मिळून सगळ्या सीटा पुसल्या.

परतीचं तिकीट अंतिम फेरीच्या दुसऱ्या सकाळचं काढू नका. इंडियानापोलिसमध्ये शनिवारी रात्री सगळे रडून-मिठ्या मारून पांगतात, पण ट्रक मुक्कामी न्यायचा असतो, वाद्यं मोजायची असतात, गणवेश वाळवायचे असतात आणि फ्रिज रिकामा करायचा असतो. बुधवारचं काढा.