मधुमेहींसाठी लघुसंदेश सेवा: लॅटिनो वस्तीतील दवाखान्याने ती कशी उभारावी

अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) कुटुंबांसाठी अशी सेवा सुरू करताना रुग्णांची उत्तरे रोज कोण वाचणार, हे संदेश लिहिण्यापूर्वीच ठरवावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील ‘दुल्से डिजिटल’ अभ्यासात १२६ रुग्ण होते. संदेश मिळणाऱ्या गटाचे सरासरी एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारे मोजमाप) सहा महिन्यांत ९.५ वरून ८.५ टक्क्यांवर आले, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. तेथे रुग्ण साखरेचे आकडे पाठवत आणि आकडा चिंताजनक असल्यास त्यांना फोन जाई. माझ्या मते या सेवेचा जीव त्या फोनमध्येच आहे. वस्तीतल्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्यसेविका या कामासाठी सर्वांत योग्य ठरतात.

नाव नोंदवतानाच रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि सेवा कशी थांबवायची, तेही दाखवावे. साधा एसएमएस सुरक्षित नसतो आणि फोन घरात अनेकांच्या हाती असू शकतो, म्हणून तपासणीचे अहवाल त्यातून कधीही पाठवू नयेत.

प्रत्येक संदेशात एकच कृती सांगावी: आज गोळी घेतली का, साखर किती आली, जेवणानंतर थोडे चालणे झाले का. ‘तोर्तिया (मेक्सिकन पोळी) खाऊ नका’ असे बजावण्यापेक्षा ‘आज एक तोर्तिया कमी घ्या आणि बीन्ससोबत भाजी वाढवा’ असे सुचवावे, कारण घरचे जेवण तोडायला लावणारा सल्ला फार काळ पाळला जात नाही. मजकूर थेट स्पॅनिशमध्येच लिहून घ्यावा आणि पाठवण्यापूर्वी काही रुग्णांकडून वाचून घ्यावा. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, परंतु स्पॅनिशमधील काही स्वरचिन्हे आली की ही मर्यादा ७० वर येते आणि संदेश तुकड्यांत विभागला जाऊन खर्च वाढतो. त्यामुळे वाक्ये आखूड ठेवावीत.

रात्री उत्तर द्यायला कोणी नसते, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. साखरेचा आकडा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आल्यास लगेच स्वयंचलित सूचना जावी: १५ ग्रॅम साखर मिळेल एवढा फळांचा रस घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, रुग्ण शुद्धीवर नसेल तर त्याला तोंडाने काहीही न देता घरच्यांनी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

प्रीपेड फोनचे क्रमांक वारंवार बदलतात, म्हणून प्रत्येक भेटीत क्रमांक पडताळावा आणि सलग काही दिवस उत्तर न देणाऱ्याला प्रोमोतोराने स्वतः फोन करावा.