इटालियनमध्ये ‘मी बरी आहे’ कसं सांगायचं

तोरिनोला, म्हणजे इटलीतल्या ट्युरिनला, शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून मी पहिल्यांदा दोन शब्द घोटून घेते: ‘स्तो बेने’. मुलगा असो वा मुलगी, ‘बेने’ बदलत नाही. पुस्तकावरून शिकून आलेले बहुतेक जण ‘सोनो बेने’ म्हणतात, कारण ‘आहे’ म्हणजे ‘सोनो’ हे पाठ झालेलं असतं. तब्येत सांगताना मात्र ‘स्तो’च. आणि ‘सोनो बुओनो’ म्हणालात तर ‘मी स्वभावाने चांगला आहे’ असं होईल.

उच्चार आपल्याला सोपा जातो. ‘स्तो’मधला त अस्सल मराठी त, इंग्रजी ट नव्हे. ‘ग्रात्सिए’, म्हणजे धन्यवाद, यातला त्स म्हणजे ‘चमचा’तला च. शेवटचा ए खाऊ नका.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. ‘स्तो बेने’ म्हणून पुढे निघालात तर उत्तर अर्धंच राहिलं, उलट विचारायलाच हवं. वर्गातल्या मित्राने ‘कोमे स्ताय?’, म्हणजे ‘कसं काय, बरं आहे ना?’, विचारलं की म्हणायचं ‘बेने, ग्रात्सिए. ए तू?’, म्हणजे ‘आणि तू?’ तो ‘तू’ अगदी आपलाच. प्राध्यापक, डॉक्टर, घरमालक यांना मात्र ‘ए लेई?’, म्हणजे ‘आणि तुम्ही?’, म्हणायचं. ‘लेई’चा एरवीचा अर्थ ‘ती’, पण समोर पुरुष असला तरी हेच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पोर्ता पालात्सोच्या बाजारातून भाजी घेऊन येतात. जिन्यात ‘कोमे स्ता?’ म्हणतात आणि पिशवी पायरीवर टेकवतात. पिशवी टेकली की समजायचं, त्यांना दोन मिनिटं बोलायचंय. तिथे ‘बेनीस्सिमो (एकदम छान), ए लेई?’ म्हणा आणि थांबा. त्यांच्या गुडघ्याचं ऐकून घ्या. याच्याइतका चांगला भाषेचा तास कुठे मिळायचा नाही.

सकाळी बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफी प्यायची जागा) कॉफी देणारा ‘कोमे वा?’, म्हणजे ‘कसं चाललंय?’, म्हणेल. त्याला ‘तुत्तो बेने’, ‘सगळं ठीक’, एवढं पुरतं. ‘नोन चे माले’ म्हणजे ‘बरं चाललंय’. त्यातला चे ‘चेहरा’तला. नुसतं ‘इन्सोम्मा’ म्हणालात तर ‘चाललंय कसंबसं’, मग ‘काय झालं?’ येणारच, तयारी ठेवा.

खरंच बरं नसेल तर उगाच ‘बेने’ म्हणू नका. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ती फार्मसी. आत जाऊन ‘नोन स्तो बेने’ म्हणा आणि दुखतंय तिथे बोट ठेवा. उठवतच नसेल तर ११२ ला फोन लावून हेच तीन शब्द सांगा, मग पत्ता.