बबल-टिप अॅनिमोन टाकीत सोडताना

बबल-टिप जातीचे समुद्रफूल, म्हणजेच अॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, आणण्यापूर्वी खाऱ्या पाण्याची टाकी किमान सहा महिने स्थिरावलेली असावी. बंद पिशवी 15 ते 20 मिनिटे टाकीत तरंगत ठेवल्यास तापमान जुळते. मग अॅनिमोन पिशवीतल्या पाण्यासह स्वच्छ बादलीत घ्यावे, बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचे पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने सोडावे आणि पाणी दुप्पट झाल्यावर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचे माप, टाकीइतके, साधारण 1.025, झाले का ते पाहावे. मात्र प्रवास दिवसभराचा असेल, तर रेंगाळू नये, कारण पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून सामू (pH) वाढतो आणि साठलेला अमोनिया अधिक विषारी होतो.

माझ्या मते खरा धोका पंपाचा असतो. नवे अॅनिमोन जागा शोधत फिरते आणि पंपात ओढले गेले, तर त्याच्या चिंधड्या होऊन सगळे पाणी नासते. म्हणून पंपाच्या तोंडावर स्पंज बसवावा. अॅनिमोनचा पाय, म्हणजे चिकटणारा तळ, कपारीशी टेकवून ते सोडावे, बादलीतले पाणी टाकीत ओतू नये आणि दिवे मंद ठेवावेत. सुरुवातीला ते लिंबाएवढे आक्रसते व पुन्हा फुगते. तोंड मिटलेले असेल, तर घाबरू नये. पाय दगडाला घट्ट चिकटेपर्यंत त्याला खाऊ घालू नये.