रिकम्बंटच्या मागच्या सस्पेन्शनची कुरकुर: या चुका टाळा

रेलून चालवायच्या या सायकलीत मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) बहुधा स्वाराच्या पाठीखालीच असतो. सीटचं कवच फायबरचं असेल तर ते आवाज आणखी घुमवतं. मग किरकोळ करकरही मोठी वाटते आणि ती कुठून येतेय याचाही अंदाज चुकतो. आवाज पाठीखालून येतोय म्हणजे शॉकच गेला, असं धरून नवा मागवणं ही सगळ्यांत महागडी चूक.

आधी ताल ऐका. आवाज पॅडलच्या प्रत्येक फेरीला येतो आणि पाय थांबवताच बंद होतो का? मग बूमचा (पॅडल धरणाऱ्या पुढच्या नळीचा) क्लॅम्प, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग), क्लीट (बूट पॅडलला अडकवणारा तुकडा) आणि सीटखालची आयडलर पुली (चेनला वळण देणारी चकती) तपासा. पाय थांबवून खडबडीत रस्त्यावरून जातानाही आवाज येत असेल तरच सस्पेन्शनवर संशय घ्या. याला एक अपवाद आहे. चेनचा ताण स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) पिव्हटपासून (तो ज्यावर फिरतो त्या सांध्यापासून) वर किंवा खाली अंतर राखून जात असेल, तर प्रत्येक पॅडलला स्विंगआर्म किंचित हलतो आणि झिजलेला पिव्हटही पॅडलच्या तालात करकरतो.

पुढची तपासणी सायकल उभी ठेवूनच करा. सीट काढा आणि फ्रेम हाताने दाबा. आवाज गेला तर दोष सीटच्या पट्ट्यांत किंवा क्लॅम्पमध्ये आहे. नाही गेला तर फ्रेमला टेकू देऊन शॉकचा एका टोकाचा बोल्ट काढा आणि स्विंगआर्म मोकळा वर-खाली फिरवा. तो अडखळला किंवा करकरला तर पिव्हट दोषी. गुपचूप फिरला तर आडवा हलवून पाहा, खेळ लागला तर पिव्हट झिजलाय. हे करताना चाक धरू नका, नाहीतर हबच्या बेअरिंगमधला खेळ पिव्हटचा वाटेल. स्विंगआर्मचं टोकच पकडा.

पिव्हट करकरला की लोक स्प्रेची नळी लावून पातळ तेल मारतात. दोन दिवस शांतता मिळते, पण तेलाने आतलं ग्रीस धुऊन निघतं, वर धूळ चिकटते आणि तीच पुढे बुश (अ‍ॅक्सलभोवतीचं नळीसारखं अस्तर) घासते. पिव्हट उघडा, जुनं ग्रीस पुसा, अ‍ॅक्सलवर चर पडलेत का ते बघा. धातूचा बुश असेल तर ग्रीस लावा. प्लास्टिकचे काही बुश कोरडेच चालवायचे असतात, त्यामुळे आधी मॅन्युअल पाहा. आवाज जावा म्हणून पिव्हटचा बोल्ट नुसता आवळत सुटणंही चूकच: बुश दाबला जातो, स्विंगआर्म जड होतो आणि झीज वाढते. टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा. थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) सांगितला असेल तर निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा लावा.

शॉकच्या डोळ्याचा (टोकाच्या भोकाचा) बोल्ट मात्र सैल चालत नाही. आतली बाही घट्ट दाबलेली असावी लागते, डोळा तिच्याभोवती फिरतो. ‘खट्’ असा एकच ठोका, विशेषतः वजन काढताना, आला तर डोळ्यातला बुश झिजलाय असं समजा. त्यातला करडा थर उडून पितळी रंग दिसला की तो बदलायचाच. तो हातोडीने ठोकून काढू नका, व्हाइसमध्ये योग्य मापाच्या सॉकेटने दाबून काढा. नवा मागवताना बोल्टचा व्यास आणि फ्रेमवरच्या दोन कानांमधलं (शॉक ज्यांत बसतो त्या पट्ट्यांमधलं) अंतर मोजून सांगा.

स्प्रिंगचा शॉक असेल तर ‘टण्’ आवाजाचं कारण अनेकदा साधं असतं. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग फिरवताना स्प्रिंगही पिळली जाते आणि नंतर खड्ड्यात सुटते. वजन नसताना रिंग सैल करून स्प्रिंग हाताने मोकळी फिरवा, टोकांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि रिंग परत बसवा. वजन पेलण्यासाठी रिंग आवळतच जावं लागत असेल, तर मुळात स्प्रिंग मऊ आहे. दोन बोल्टांच्या केंद्रांमधलं अंतर आधी रिकाम्या सायकलीवर मोजा, मग स्वार बसल्यावर दुसऱ्याकडून मोजून घ्या. शॉकची चाल 50 मिमी असेल तर साधारण 12 ते 15 मिमी बसणं, म्हणजे दोन मापांत तेवढा फरक, ठीक. बरंच जास्त बसत असेल तर स्प्रिंगवर छापलेला कडकपणाचा आकडा पाहून त्याहून कडक स्प्रिंग घ्या. मऊ स्प्रिंग खड्ड्यात तळाला आपटते, आणि तो धक्का बुशला बसतो.

इलॅस्टोमर (स्प्रिंगऐवजी वापरलेला रबरासारखा ठोकळा) चिवचिवत असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरा. खनिज तेलाने काही रबरं फुगतात. दाबताना येणारी ‘फूस’ ही डँपरच्या (शॉकची उसळी आवरणाऱ्या भागाच्या) आतल्या आत तेल फिरण्याची, ती सोडून द्या. पण दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर शॉक सर्व्हिसला द्या. घरी उघडू नका, काहींच्या आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर मडगार्ड, कॅरिअर आणि चेनच्या नळीचं तोंड पाहा. स्विंगआर्म वर येताना यांतलं काहीतरी फ्रेमला घासत असतं. शेवटी पिव्हट आणि शॉकच्या कानांजवळचे वेल्ड स्वच्छ पुसून उजेडात न्याहाळा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि ती नखाला लागली, तर सायकल तिथेच थांबवा आणि फ्रेम बनवणाऱ्यांना फोटो पाठवा.