सोलापुरात साप्ताहिक चालवताना: सरकारचा अधिकार कोठवर, पत्रकाराचे संरक्षण कोठे

सोलापूर शहरातून किंवा पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट यांसारख्या तालुक्याच्या गावातून साप्ताहिक काढणाऱ्याला सरकार दोन रूपांत भेटते. एकीकडे ते नोंदणी करते आणि नियम लावते, तर दुसरीकडे पत्रकारावर हल्ला झाल्यास गुन्हा नोंदवून संरक्षण देण्याची जबाबदारीही त्याचीच असते. दोन्ही कामे कायद्याने बांधलेली असल्यामुळे, कोणत्याही अधिकाऱ्याने मजकुराबाबत सूचना केली की ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे नम्रपणे पण लेखी विचारावे आणि आपल्या पत्राची आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी दबावाला तोंडी उत्तर देत राहिल्यास पुढे कोणत्याही प्राधिकरणासमोर दाखवण्यासाठी हातात काहीच उरत नाही.

नोंदणीपासून सुरुवात करावी. 1867 चा जुना मुद्रण कायदा जाऊन त्याच्या जागी 2023 चा नियतकालिक नोंदणी कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र करण्याची पूर्वीची पद्धत बंद झाली असून आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करावा लागतो. हा अर्ज प्रेस महानिबंधकांकडे आणि जिल्ह्यातील विनिर्दिष्ट प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे) एकाच वेळी जातो. प्राधिकाऱ्याने साठ दिवसांत ना-हरकत किंवा अभिप्राय द्यायचा असतो. शीर्षक निवडताना विशेष काळजी घ्यावी, कारण त्याच भाषेत देशात कोठेही, अथवा याच राज्यात दुसऱ्या कोणत्याही भाषेत, तसेच किंवा त्याच्याशी साम्य असलेले शीर्षक आधीच कोणाकडे असल्यास ते मिळत नाही. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचणाऱ्या सोलापुरात ही अट इतर ठिकाणांपेक्षा अधिक आडवी येते, म्हणून पर्यायी शीर्षके तयार ठेवलेली बरी. वार्षिक विवरण वेळेवर भरावे. नोंदणी नाकारली गेली तर साठ दिवसांत अपील मंडळाकडे जाता येते, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष असतात.

नोंदणी मिळाली म्हणून मजकूर आधी दाखवून घेण्याचा अधिकार सरकारला मिळत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर केवळ अनुच्छेद 19(2) मध्ये दिलेल्या कारणांसाठी, आणि तेही कायदा करूनच, वाजवी निर्बंध घालता येतात. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधास चिथावणी ही त्यांपैकी काही कारणे होत. प्रशासनाची गैरसोय हे त्यांत नाही. पृष्ठसंख्या आणि किंमत यांची सांगड घालणारा केंद्र सरकारचा 1960 चा आदेश पुण्याच्या 'सकाळ'ने आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण वृत्तपत्राच्या प्रसारावर घाला म्हणजे अभिव्यक्तीवरच घाला, असे न्यायालयाने मानले. 1930 च्या ब्रिटिश लष्करी कायद्याचा (मार्शल लॉचा) काळ पाहिलेल्या आणि 'गझनफर' हे पत्र चालवणारे स्वातंत्र्यसैनिक कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी फासावर जाताना पाहिलेल्या या शहराने ही रेषा नीट लक्षात ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या बाजूनेही काही मर्यादा कसोशीने पाळाव्यात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची, तसेच कायद्याच्या कचाट्यात आलेल्या बालकाची ओळख पटेल असा तपशील छापणे गुन्हा आहे, आणि केवळ नाव वगळून शाळा, गल्ली वा नातेवाईक छापले तरी ओळख पटतेच.

पोलिसांची नोटीस आल्यास प्रथम तिचे कलम पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 94 खाली कागदपत्रे मागितली जातात, कलम 179 खाली साक्षीदार म्हणून बोलावले जाते, तर कलम 35(3) ची नोटीस संशयिताला दिली जाते. तिन्हींना द्यायचे उत्तर वेगवेगळे असते, म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय जबाब देऊ नये. मात्र नोटीस दुर्लक्षूनही चालत नाही, कारण ठरलेल्या तारखेला हजर राहणे हेच अटकेपासूनचे पहिले संरक्षण आहे. मोबाइल किंवा संगणक जप्त होत असेल तर कलम 105 नुसार त्या कारवाईचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण व्हायला हवे. पंचनाम्याची प्रत आणि जप्त वस्तूंची यादी मागून घ्यावी.

हल्ला झाल्यास महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने 2017 मध्ये संमत केलेल्या या कायद्यानुसार प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवर किंवा संस्थांच्या मालमत्तेवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालील अधिकाऱ्याने करायचा नाही. अनेकदा फिर्याद केवळ मारहाणीच्या साध्या कलमांखाली घेतली जाते, म्हणून तक्रारीतच या कायद्याचे नाव लिहावे, वृत्तांकनाचे काम चालू होते हे स्पष्ट करावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि फुटलेल्या कॅमेऱ्याचे बिल जोडावे. नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. खोट्या तक्रारीलाही शिक्षा असल्याने शब्द मोजून वापरावेत. ठाण्याने फिर्याद घेण्यास नकार दिला तर घटना शहर हद्दीतील असल्यास पोलीस आयुक्तालयाकडे, तालुक्यातील असल्यास ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि त्यानेही काम न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

जाहिराती बंद करणे, वार्तांकनाला मज्जाव करणे असे दबाव असतील तेव्हा दिल्लीतील भारतीय प्रेस परिषदेचा, म्हणजे वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेचा, मार्ग उपलब्ध आहे. आणीबाणीत मोडीत निघालेली ही परिषद 1978 च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. तिला दंड करता येत नाही आणि ही तिची मोठी उणीव आहे. तरीही सरकारसह कोणत्याही प्राधिकरणाच्या वर्तनावर ती अभिप्राय नोंदवू शकते, आणि बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती मात्र करू शकत नाही. प्रकरण न्यायालयात प्रलंबित असेल तर परिषद चौकशी करत नाही, त्यामुळे कोठे आधी जायचे हे वकिलाशी बोलून ठरवावे. वाचकाला दैनिकाविरुद्ध किंवा साप्ताहिकाविरुद्ध तक्रार करायची असेल तर त्याने आधी संपादकाला लिहावे आणि प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत परिषदेकडे अर्ज, मूळ कात्रण व संपादकाशी झालेला पत्रव्यवहार पाठवावा.