लोड आला की निळा स्क्रीन: ओव्हरक्लॉक कसा स्थिर केला

प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त, ४.८ गिगाहर्ट्झवर चालवला (म्हणजेच ओव्हरक्लॉक). विंडोज नीट सुरू व्हायचं, पण रेंडरिंग लावलं की निळा स्क्रीन. तापमान ७८ अंश, म्हणजे दोष कूलरचा नव्हे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) कोअर व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज, १.२८ दिलेलं, पूर्ण लोडवर ते १.२१ पर्यंत घसरत होतं. आकडा वाढवण्याआधी लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडवरची ही घसरण कमी करणारी सेटिंग) मधल्या पातळीवर आणलं, घसरण १.२५ वर थांबली. सर्वात कडक पातळी टाळाच. तिच्यात लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. (पातळ्यांचा क्रम काही मदरबोर्डांवर उलटा असतो, बायोसमधला आलेख बघा.) चाचणीपुरतं रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल) बंद ठेवलं, नाहीतर गडबड रॅमची की प्रोसेसरची ते कळत नाही. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी प्रोग्राम) मध्ये एव्हीएक्स (जड गणितासाठीच्या प्रोसेसरच्या खास सूचना) चालू असताना एखादा वर्कर, म्हणजे चाचणीतलं एक काम, तरीही थांबायचा. एव्हीएक्स ऑफसेट २ दिला, म्हणजे तेवढ्या कामापुरता वेग कमी, ४.६ गिगाहर्ट्झ. मग रात्रभर एकही एरर नाही.